मुंबई ते जेद्दा : प्रवास साडेपाच तासांचा, रोजा साडेपंधरा तासांचा

दुपारी चारला मुंबईहून सुटणारे विमान संध्याकाळी सातला जेद्दाला उतरणार, असे तिकिटावर छापलेले असले, की पहिल्यांदाच उमराहला निघालेला माणूस बोटांवर हिशेब करतो आणि म्हणतो, ‘तीनच तास!’ प्रत्यक्षात तो साडेपाच तास आसनावर बसून असतो. मधले अडीच तास हरवलेले नसतात. मुंबईचे घड्याळ सौदी अरेबियाच्या घड्याळापेक्षा अडीच तास पुढे आहे, आणि तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची, तर पोहोचण्याची वेळ जेद्दाची छापतात, एवढेच.

एरवी ही गंमत घड्याळाचे काटे मागे फिरवले की संपते. रमजानमध्ये ती संपत नाही. रोजा घड्याळावर चालत नाही, तो सूर्यावर चालतो. पहाटेचा उजेड फुटण्यापूर्वी सहरी संपवायची आणि सूर्य मावळला की इफ्तार करायचा, हा नियम. विमान पश्चिमेकडे निघाले, की ज्या सूर्याच्या मावळण्याची रोजेदार वाट पाहत असतो, त्याच सूर्याच्या मागे तो ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटर वेगाने धावू लागतो. दिवस लांबतो, आणि दिवसाबरोबर रोजाही.

रमजानमधला उमराह हजइतका पुण्याचा, असे हदीसमध्ये सांगितलेले असल्याने या महिन्यात जेद्दाकडे जाणारी विमाने भरलेली असतात. त्यांत पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे पुष्कळ, आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणारीही पुष्कळ. मधुमेहाच्या गोळ्या पिशवीत घेऊन, रोजा ठेवून निघालेल्या या माणसांसाठी दोन शहरांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ हा शाळेच्या भूगोलातला प्रश्न राहत नाही. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

सव्वादोन तासांचा सूर्य

मुंबई आणि जेद्दा यांच्या विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर आहे. जाताना विमानाला साधारण साडेपाच तास लागतात, परतताना पाऊण-एक तास कमी. कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे जाताना समोरून येतात आणि येताना पाठीमागून ढकलतात. विमान तेच, अंतर तेच, पण वाऱ्याने बाजू बदललेली असते.

नकाशावर ही दोन्ही शहरे जवळपास एकाच आडव्या रेषेत आहेत. मुंबई १९ अंश उत्तरेला, जेद्दा साडेएकवीस अंशांवर. त्यामुळे दोन्हीकडचे दिवस-रात्र बहुतेक सारख्याच लांबीचे असतात. फरक आहे तो पूर्व-पश्चिम. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशाजवळ, जेद्दा ३९ अंशांजवळ. म्हणजे अंतर ३४ अंशांना थोडे कमी. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. या हिशेबाने मुंबईत मावळलेला सूर्य जेद्दात मावळायला सुमारे सव्वादोन तास लागतात. घड्याळांतला फरक अडीच तासांचा असला, तरी तो सरकारांनी सोयीसाठी ठरवलेला. रोजेदाराच्या कामाचा फरक सूर्याचा, सव्वादोन तासांचा.

आता २१ मार्चच्या आसपासचा दिवस घेऊ. मुंबईत सहरी पहाटे साडेपाचच्या जरा आधी संपते आणि सूर्य संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास मावळतो. घरी राहिलेल्या माणसाचा रोजा जवळपास तेरा तास वीस मिनिटांचा. त्याच सकाळी मुंबईत सहरी करून दुपारच्या विमानाने जेद्दाला गेलेल्या माणसाचा रोजा त्यात सव्वादोन तासांची भर पडून साडेपंधरा तासांवर जातो. उलट, जेद्दात सहरी करून दिवसाच्या विमानाने मुंबईला परतलेल्याचा रोजा सव्वाअकरा तासांच्या आतच आटोपतो. उपवास एकाच महिन्यातला, माणूस तोच, पण जाण्याच्या आणि येण्याच्या रोजात चार तासांहून जास्त फरक.

यात एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. विमान रात्री निघाले, तर वाढणारे सव्वादोन तास दिवसात पडत नाहीत, रात्रीत पडतात. पहाटे तीनला मुंबई सोडणारे विमान साडेपाच तासांनी, जेद्दाच्या सकाळी सहाला, पोहोचते. मुंबईत सहरी संपते त्या वेळी विमानाबाहेर अजून काळोखच असतो. पहाट त्याला गाठते ती उतरण्याच्या तास-पाऊण तास आधी. तोवर सहरी निवांत होते आणि पुढचा रोजा जेद्दातल्या इतर कोणाही माणसाएवढाच राहतो. घरातल्या वृद्धांचे तिकीट काढताना मुले दोन-तीन हजार रुपयांचा फरक बारकाईने पाहतात. सुटण्याची वेळही तेवढ्याच बारकाईने पाहिली, तर आई-वडिलांचे दोन तासांचे पाणी वाचते.

आकाशातला इफ्तार

दुपारी चारला निघालेल्या त्या विमानात मुंबईच्या घड्याळावर सहा पन्नास वाजतात, तेव्हा ते अर्ध्या वाटेवर, ओमानच्या आसपास असते. मनगटावरचे घड्याळ घरचे, फोनमधले रमजानचे वेळापत्रक मोहल्ल्यातल्या मशिदीचे. घरी या क्षणी खजूर तोंडात गेलेला असणार, हेही माहीत. पण खिडकीबाहेर सूर्य अजून बराच वर असतो. अशा वेळी शेजारचा प्रवासी हळूच खजूर पुढे करतो आणि म्हणतो, ‘अपने यहाँ तो हो गया.’

फिकहचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे जाणकार याबाबतीत एकमताने सांगतात, की जिथे माणूस आहे तिथला सूर्य ग्राह्य. निघालेल्या शहराची वेळ चालत नाही आणि पोहोचायच्या शहराचीही नाही. एवढेच नव्हे, तर खाली ज्या गावावरून विमान चालले आहे, त्या गावातली मगरिबची अजानसुद्धा विमानातल्या माणसाला लागू होत नाही. जमिनीवरच्या माणसाला दिसेनासा झालेला सूर्य पस्तीस हजार फुटांवरून आणखी बारा-चौदा मिनिटे दिसत राहतो. जितके उंच जावे तितके क्षितिज खाली सरकते आणि सूर्याला मावळायला तेवढा वेळ जास्त लागतो.

हा प्रश्न केवळ विमानाचा नाही. दुबईतल्या ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफा इमारतीबाबत २०११ मध्ये तिथल्या धर्मशास्त्रज्ञांनी सांगितले, की ८० ते १५० या मजल्यांवर राहणाऱ्यांनी जमिनीवरच्या वेळेनंतर दोन मिनिटांनी इफ्तार करावा आणि त्याहून वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटांनी. एकाच इमारतीत इफ्तारच्या तीन वेळा. ऐकताना गमतीचे वाटते, पण तत्त्व साधे आहे: आपल्या डोळ्यांना दिसणारा सूर्य.

सूर्याच्या या पाठलागात विमान जिंकत मात्र नाही. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५७० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे फिरत असतो, आणि प्रवासी विमानाचा वेग त्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक. म्हणून सूर्यास्त लांबतो, पण टळत नाही. उत्तरेकडे, ६० अंशांच्या आसपास, पृथ्वीचा हा वेग प्रवासी विमानाएवढाच उरतो. तिथे पश्चिमेकडे निघालेल्या विमानाच्या खिडकीत सूर्य तासन् तास एकाच जागी टांगल्यासारखा दिसू शकतो.

अठ्ठेचाळीस मैल

मग अशा प्रवासात रोजा ठेवायचाच का? कुरआनने याचे उत्तर रोजा फर्ज करतानाच देऊन ठेवले आहे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींमध्ये आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. जितके रोजे सुटले, तितके नंतर इतर दिवशी पूर्ण करायचे. अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, असा त्या मुभेमागचा हेतूही तिथेच स्पष्ट केलेला आहे.

पण मुसाफिर कोणाला म्हणायचे? बाजारात जाऊन येणारा मुसाफिर नव्हे. किती दूर गेले की प्रवास सुरू झाला म्हणायचा, यावर इमामांनी बारकाईने विचार केला. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या हदीससंग्रहात प्रेषितांचे सहवासी अब्दुल्लाह इब्न अब्बास यांचे उदाहरण येते. मक्केपासून ताइफ, मक्केपासून उस्फान किंवा मक्केपासून जेद्दा एवढे अंतर असले, की ते प्रवासातली संक्षिप्त नमाज अदा करत. ज्या जेद्दाला आज विमाने उतरतात, ते शहर चौदा शतकांपूर्वी प्रवासाच्या अंतराचे मापच होते. इमाम मालिक यांनी हे अंतर चार ‘बरीद’ सांगितले. बरीद म्हणजे टपालाच्या दोन ठाण्यांमधला पल्ला. हनफी पंथात तीन दिवसांची वाटचाल हे माप धरले गेले, आणि पुढे भारतीय उपखंडातल्या उलेमांनी त्याचा हिशेब ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर असा केला. कोकणातले मुसलमान बहुतांश शाफई पंथाचे. त्यांच्याकडेही पल्ला अठ्ठेचाळीस मैलांचाच, फक्त मैलाच्या मापानुसार किलोमीटर थोडे पुढे-मागे होतात.

हे अठ्ठेचाळीस मैल जेट विमान पाच-सहा मिनिटांत ओलांडते. ज्या अंतराला उंटाच्या पाठीवर दोन-तीन मुक्काम लागत, ते आता सीटबेल्टचा दिवा विझण्याच्या आत मागे पडते. साहजिकच घरोघरी प्रश्न निघतो: वातानुकूलित विमानात, मऊ खुर्चीत बसून साडेपाच तासांत पोहोचणाऱ्याला ती उंटाच्या काळातली सवलत कशाला? बहुसंख्य उलेमांचे म्हणणे असे, की सवलतीचे कारण प्रवास आहे, प्रवासातले हाल नव्हेत. हाल मोजता येत नाहीत. एकाला बसच्या प्रवासात उलट्या होतात, दुसरा जहाजावर गाढ झोपतो. अंतर सर्वांना सारखे मोजता येते. म्हणून नियम अंतरावर बांधला गेला आणि वाहन बदलले तरी तो टिकला. मुभा आहे, सक्ती नाही. ज्याला झेपते त्याने प्रवासातही रोजा ठेवणे हनफी आणि शाफई दोघांच्या मते चांगलेच. ज्याला झेपत नाही त्याने सोडला तर तो गुन्हेगार नाही.

यात एक मेख आहे, आणि नेमकी तीच अनेकांना माहीत नसते. पहाट फुटली तेव्हा माणूस कुठे होता, यावर बरेच अवलंबून असते. हनफी, मालिकी आणि शाफई मतानुसार जो पहाटे आपल्या गावातच होता, त्याने रोजा ठेवायचा, आणि नंतर दिवसा प्रवासाला निघाला म्हणून तो मोडायचा नाही. हंबली मत मात्र गाव सोडल्यावर त्याला मोकळीक देते. पल्ला मोजायचा तो सगळ्या प्रवासाचा, पण सवलत सुरू होते ती आपल्या गावाची वेस ओलांडल्यावर.

याचा अर्थ असा, की दुपारच्या त्याच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या दोघांना वेगवेगळे नियम लागू असू शकतात. भेंडीबाजारातून विमानतळावर आलेला हनफी प्रवासी पहाटे स्वतःच्या शहरात होता. त्याने रोजा ठेवायचा, आणि तो साडेपंधरा तासांचा होणार हे धरून चालायचे. त्याच्या शेजारी बसलेली रत्नागिरीची बाई सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर पार करून आदल्या दिवशीच मुंबईत आलेली. ती पहाटेच मुसाफिर होती. तिने त्या दिवशी रोजा ठेवला नाही, तर तो तिचा हक्क. आणि ज्याला रोजा मोडायची परवानगी नव्हती, त्याचीही साखर धोकादायक खाली गेली, चक्कर आली, जीव घाबरा झाला, तर त्याने तिथल्या तिथे पाणी प्यावे. सक्तीच्या प्रसंगी सुटलेल्या रोजाची कजा, म्हणजे एका रोजाच्या बदल्यात नंतर एक रोजा, एवढेच त्याच्यावर येते. सलग साठ रोजांचा कफ्फारा येत नाही.

विमानातली हवा अतिशय कोरडी असते. तिच्यातली आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली राहते. तहान न लागता शरीरातले पाणी कमी होत जाते. इन्शुलिन घेणारे, रक्तदाबाची गोळी घेणारे, मूत्रपिंडाचा त्रास असणारे यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना आणि आपल्या पंथाच्या आलिमांना, दोघांनाही विचारून घेतलेले बरे. विमानात बसल्यावर विचारायला कोणी नसते.

दररोज दहा मिनिटे

हाच मार्ग पूर्वी कसा होता, हे पाहिले की आजच्या साडेपाच तासांचा अर्थ जास्त कळतो. मोगल काळात सुरतेला ‘बाब-अल-मक्का’, मक्केचा दरवाजा म्हणत. बाबराची मुलगी गुलबदन बेगम १५७६ मध्ये सुरतेहून जहाजाने हजला निघाली आणि फतेहपूर सिक्रीला परतली ती १५८२ मध्ये. तिने मक्केत बराच काळ मुक्काम केला, पण परतीच्या वाटेवर एडनजवळ जहाज फुटल्याने तिला तिथे अडकून पडावे लागले, तेही त्या वर्षांत मोडते. १६९५ मध्ये तांबड्या समुद्राकडून सुरतेला परतणारे ‘गंज-ए-सवाई’ हे औरंगजेब बादशाहाचे जहाज इंग्रज चाच्यांनी लुटले, तेव्हा त्यावर हाजीही होते. त्या काळी मक्केला निघणारा माणूस कर्ज फेडून, वाटण्या करून, माफी मागून निघत असे, तो उगाच नव्हे.

पुढे आगबोटी आल्या आणि दरवाजा सुरतेहून मुंबईला सरकला. एकोणिसाव्या शतकात निघालेली आणि पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेलेली कंपनी हाजींना नेऊ लागली. देशभरचे हाजी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात उतरत आणि माझगावच्या यलो गेटमधून बोटीवर चढत. ‘मोहम्मदी’, ‘अकबर’ ही बोटींची नावे जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. समुद्रमार्गे मुंबई-जेद्दा अंतर सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे चार हजार किलोमीटरहून जास्त. कारण बोटीला अरबस्तानाला वळसा घालून, एडनवरून तांबड्या समुद्रात शिरावे लागे. जुन्या बोटींना एका बाजूने बारा ते पंधरा दिवस लागत. १८८२ पासून पुढे कित्येक दशके तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर उतरून साथरोगाच्या तपासणीसाठी थांबावेही लागे. १९९५ मध्ये हजच्या बोटी बंद झाल्या. २०१८ मध्ये केंद्र सरकारने समुद्रमार्ग पुन्हा सुरू करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा आधुनिक जहाजे हे अंतर दोन-तीन दिवसांत कापू शकतात, असे सांगण्यात आले होते.

आता त्या सव्वादोन तासांकडे पुन्हा पाहावे. बोटीच्या प्रवाशालाही मुंबई ते जेद्दा जाताना सूर्य तेवढाच मागे सरकलेला मिळे. पण ती सव्वादोन तासांची, म्हणजे एकशे चौतीस-पस्तीस मिनिटांची भर तेरा-चौदा दिवसांवर वाटली जाई. दिवसाला दहा मिनिटे. आज सूर्यास्त कालच्यापेक्षा दहा मिनिटे उशिरा, एवढेच. बोटीच्या घड्याळाचा काटा थोडा मागे घ्यायचा आणि नमाजला उभे राहायचे. शरीराला, भुकेला, झोपेला पत्ताही लागत नसे. विमान ही सगळी भर एकाच दिवसात, एकाच रोजात टाकते. विमानाने प्रवासातले हाल कमी केले हे खरे, पण काही हाल त्याने नव्याने आणले, आणि ते खुर्चीच्या मऊपणावरून दिसत नाहीत.

मीकातचेही तसेच. मीकात म्हणजे मक्केच्या भोवतालच्या त्या ठरलेल्या जागा, जिथून पुढे उमराह किंवा हजच्या यात्रेकरूने एहराम बांधल्याशिवाय जायचे नाही. बोटीने जाणाऱ्या भारतीयांची मीकात यलमलम. ती जवळ आली, की बोटीवर आधीपासून सांगत, लोक आंघोळी करत, दोन पांढऱ्या चादरी गुंडाळत, ‘लब्बैक’चा घोष सुरू होई. विमान मिनिटाला पंधरा किलोमीटर जाते. वैमानिकाने मीकात जवळ आल्याची घोषणा केली आणि माणूस स्वच्छतागृहाच्या रांगेत दहा मिनिटे उभा राहिला, तर मीकात दीडशे किलोमीटर मागे राहू शकते. म्हणून बहुतेक जण मुंबईतच एहरामच्या चादरी नेसून विमानात बसतात आणि मीकातपूर्वी नियत करतात. मनाची तयारी करायला बोट जे पंधरा दिवस देई, ते आता निघण्याआधी घरीच काढावे लागतात.

चार वाजून वीस मिनिटांचा फोन

या दोन शहरांमधला सगळाच प्रवास यात्रेचा नाही. कोकणातल्या खाडीकाठच्या गावांतून, मुंब्रा-भिवंडीतून, मराठवाड्यातून कितीतरी माणसे जेद्दा, रियाध, दम्मामला कामाला आहेत. त्यांच्यासाठी अंतर साडेपाच तासांचे नसते. ते दोन वर्षांच्या कराराचे आणि रजा मंजूर होण्याचे असते. विमान रोज उडते, पण माणसाला रोज उडता येत नाही.

मार्चच्या दिवसांत मुंबईत इफ्तारची वेळ होते, तेव्हा जेद्दात दुपारचे चार वाजून वीस मिनिटे झालेली असतात. सौदी कामगार कायद्यानुसार रमजानमध्ये मुस्लिम कामगारांचे काम दिवसाला सहा तासांवर आणलेले असते. त्यामुळे बरेच जण तेव्हा खोलीवर असतात. गावाकडून व्हिडिओ कॉल येतो. दस्तरखान दिसते, फळांचे काप, भजी, सरबताचा लाल रंग दिसतो. मागून गावच्या मशिदीची अजान ऐकू येते. अम्मी विचारते, ‘तेरा कब खुलेगा?’ तो सांगतो, ‘बस, अभी थोड़ी देर में.’ ती ‘थोडी देर’ सव्वादोन तासांची असते. सूर्यास्ताची अजान कानावर पडली, तरी ती त्याची अजान नसते. मग पावणेसातच्या आत तो सहकाऱ्यांबरोबर रोजा खोलतो, तेव्हा गावाकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात आणि घरचे तरावीहच्या नमाजला गेलेले असतात. दोन शहरांमधले खरे अंतर मोजायचे, तर हे एक माप आहे: एका घरातली माणसे एकाच दिवशी रोजा ठेवतात आणि एकत्र खोलू शकत नाहीत.

त्यातही पुष्कळदा दिवसही एक नसतो. सौदीत रमजानचा चंद्र बहुतेक वर्षी भारताच्या एक दिवस आधी जाहीर होतो. त्यामुळे महिन्याच्या मध्ये प्रवास करणाऱ्याचा हिशेब बिघडतो. मुंबईत एक दिवस उशिरा रोजे सुरू करून उमराहला गेलेल्या माणसाला तिथे एकोणतीस रोजांनंतर ईद लागली, तर त्याचे रोजे अठ्ठावीसच भरतात. उलट, सौदीत रोजे सुरू करून ईदसाठी घरी आलेल्या कामगाराचे एकतीसही होऊ शकतात. दोघांनाही नियम एकच: माणूस जिथे आहे, तिथल्या लोकांबरोबर ईद. अठ्ठावीसवाल्याने ईद साजरी करायची आणि नंतर एक रोजा कजा करायचा, कारण चांद्रमास एकोणतीस दिवसांहून कमी असत नाही. एकतीसवाल्याने गावाबरोबर तो जास्तीचा रोजा ठेवायचा. ‘माझे तीस झाले’ म्हणून एकट्याने ईद करायची नाही. सूर्याच्या बाबतीत जे तत्त्व, तेच चंद्राच्या बाबतीत.

मुसाफिरीही कायमची नसते. पोहोचलेल्या जागी हनफी मतानुसार पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक, आणि शाफई मतानुसार येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा असला, की माणूस तिथला मुक्कामी ठरतो आणि सवलत संपते. दोन आठवड्यांच्या उमराहमध्ये मक्का-मदिना मिळून मुक्काम कसा विभागला आहे, हे म्हणूनच आधी पाहून ठेवावे लागते.

तेवीस तासांचा दिवस

जेद्दाचे सव्वादोन तास सोसण्याजोगे तरी आहेत. अंतर वाढले, की हिशेब हाताबाहेर जातो. मुंबई-न्यूयॉर्क सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटर आणि सूर्याचा फरक पावणेदहा तासांहून थोडा जास्त. मार्चमध्ये मुंबईत सहरी करून सकाळच्या विमानाने निघालेल्याने न्यूयॉर्कचा सूर्यास्त गाठायचे ठरवले, तर त्याचा रोजा तेवीस तासांचा होतो. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आई-वडिलांनी हा हट्ट धरल्याची उदाहरणे नवी नाहीत. त्यांना रोजाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. पटवून द्यावी लागते ती सवलत.

कारण आपल्याकडे सवलत घेणाऱ्याकडे कमी प्रतीचा म्हणून पाहण्याची सवय आहे. ‘इतक्या आरामाच्या प्रवासात रोजा सोडलास?’ हे वाक्य घरातलाच कोणीतरी टाकतो, आणि साठीची बाई विमानात पाण्याचा पेला परत करते. प्रेषितांबरोबर प्रवासाला गेलेल्या सहवासींमध्ये काही रोजा ठेवत, काही ठेवत नसत, आणि कोणी कोणाला नावे ठेवत नसे, असे हदीसमध्ये आलेले आहे. एका प्रवासात सावलीत कोसळलेल्या रोजेदाराभोवती गर्दी पाहून, अशा अवस्थेत प्रवासात रोजा ठेवणे ही काही नेकी नव्हे, असे प्रेषितांनी सांगितल्याचीही नोंद आहे. तो काळ उंटांचा होता, तरी हिशेब माणसाच्या ताकदीचाच होता.

तिकीट काढताना म्हणून तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: पहाटे आपण कुठे असू, सूर्य आपल्याला कुठे आणि किती वाजता मावळताना दिसेल, आणि त्या दोन्हींमधले तास आपल्या शरीराला झेपतील का. झेपणार असतील, तर पिशवीत वरच खजूर आणि पाण्याची जागा करून ठेवावी आणि खिडकीकडे पाहावे, घड्याळाकडे नव्हे. झेपणार नसतील आणि मुसाफिराची मुभा लागू असेल, तर निःसंकोच ती घ्यावी. सुटलेला रोजा कुठे जात नाही. रमजान संपल्यावर, घरी परतल्यावर, एखाद्या साध्या मंगळवारी किंवा गुरुवारी तो ठेवता येतो. त्या दिवशी सहरी आपल्या स्वयंपाकघरात होते, सूर्य आपल्याच गल्लीच्या टोकाला मावळतो आणि दिवस नेहमीएवढाच असतो.